घोगरीचं नववं गाणं

तिला सगळे घोगरी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळूनसुद्धा बघायची नाही, कारण तशी हाक फक्त दवाखान्यात नाहीतर एखाद्या कचेरीत ऐकू यायची. आवाज जाड आणि कोरडा, डब्यात वाळू हलवल्यासारखा. पण एकदा का सुरात बसला, की ऐकणाऱ्याचा घास हातातच राहायचा. स्वभाव आवाजाला साजेसा. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही, आणि जमावं अशी तिची इच्छाही नव्हती.

आठवडाभर ती इकडेतिकडे गायची, पण रविवारची दुपार बसडेपोसमोरच्या पबची ठरलेली. खिडकीपाशी फळ्यांचा एक बुटका मंच होता. तो इतका अरुंद की ड्रम्समधल्या झांजेचा स्टँड टॉयलेटच्या दाराला टेकायचा, आणि गाणं चालू असताना कुणाला जायची घाई झाली की झांज आपोआप वाजायची. गिऱ्हाइकं भिंतीवरच्या टीव्हीत मॅच बघत जेवायची. गोल झाला की टाळ्या पडायच्या. त्या आपल्याला नसतात, हे नव्या गाणाऱ्याला कळायला वेळ लागायचा.

"तुझी स्वतःची दोनच गाणी," मालकीणबाई दर रविवारी बजावायची. "बाकी लोकांना पाठ असलेली गा. लोक इथे विचार करायला येत नाहीत."

"तुम्ही तरी कुठे त्यासाठी येता," घोगरी म्हणायची.

तिला काढून टाकायची भाषा मालकीणबाई सतत करायची आणि काढायची मात्र नाही. घोगरी असली की टेबलं भरायची, एवढं साधं कारण.

गिटारवर तिचा सख्खा थोरला भाऊ. सगळा पब त्याला दादाच म्हणायचा. ड्रम्सवर सुतार. हा खरोखरच सुतार होता, आठवडाभर दारं-खिडक्या बनवायचा आणि रविवारी ठेका धरायचा. घोगरी आणि दादा यांच्यात बोलणं बंद होतं. मंचावर मानेने खुणा चालायच्या, बाकी सगळा कारभार सुतारामार्फत.

"त्याला सांग, दुसऱ्या गाण्यात गाडी चुकल्यासारखा पळतोय."

"तिला सांग, श्वास घेताना माइक बाजूला घे म्हणावं. घोडा फुरफुरल्यासारखं ऐकू येतं."

दोघांच्या मध्ये एका खुर्चीचं अंतर. सुतार वैतागायचा. "अरे, तुम्हाला दोघांनाही ऐकू येतंय! मी काय पोस्टमन आहे का?"

भांडण होतं नवव्या गाण्याचं.

घोगरी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम करत होती. सुताराच्या वर्कशॉपमागे एक खोली होती, तिच्या भिंतींना जुन्या रजया ठोकून त्यांनी तिथे रेकॉर्डिंगची सोय केली होती. शेजारी करवत चालू असली की काम थांबायचं. गिटारच्या तारांवर भुसा बसायचा, घोगरीला ठसका लागायचा, आणि ठसका लागला की ती सगळ्या लाकूड जातीचा उद्धार करायची. असं करत करत आठ गाणी झाली. दादाने आठही गाण्यांवर जीव ओतून वाजवलं होतं, हे तिला कबूल होतं. फक्त त्याला ते कळू द्यायचं नव्हतं.

नववं गाणं बाबांवर होतं.

बाबा शिंपी. पुढे दुकान, मागे घर. घोगरी लहानपणी दिवसभर गुणगुणायची, आणि तिचा तो फाटका आवाज बाबांच्या डोक्यात जायचा. गिऱ्हाईक समोर असताना ती गायली, की तिला उचलून चिंध्यांच्या खोलीत टाकायचे. कापडाच्या कातरणांचे ढीग, खिडकी नाही, दार बंद. बाहेर लोखंड वाजायचं. मग कुठूनतरी आई यायची आणि दाराला तोंड लावून म्हणायची, "किल्ली बाबांकडे आहे गं. मी काय करू?" दुकान बंद होईपर्यंत घोगरी आतच. ओरडून ओरडून घसा बसायचा. आवाज असा जाडाभरडा झाला तो तिथेच, असं ती म्हणायची.

गाण्यात तेच होतं. 'दाराला कुलूप, कुलपाची किल्ली, किल्ली बापाच्या खिशात.'

दादाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गिटार मांडीवरून उतरवली. "असलं काही झालेलं नाही."

"तू होतास का आत?"

"बाबांनी कधी कुणाला कोंडलं नाही. कडक होते, बस. तू मनाने रचतेस आणि जिवंत माणसाच्या तोंडाला काळं फासतेस. माझ्या घरात राहतात ते. मी रोज त्यांचं तोंड बघतो, तू नाही."

"रोज बघ की. मी कुठे अडवलं?"

"मी हे वाजवणार नाही."

"नको वाजवू. लाकडी फळीसुद्धा तुझ्यापेक्षा बरी वाजते."

तेव्हापासून बोलणं बंद. अल्बम नवव्या गाण्यापाशी अडून बसला. घोगरीने ते एकटीने गायलं, ड्रम्सवर गायलं, एका भाड्याच्या गिटारवाल्याला घेऊन गायलं. कशातच जीव नव्हता. दादासारखं तिच्या आवाजाखाली कुणाला वाजवताच येत नव्हतं, आणि या गोष्टीने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग तिने दुसरी चाल खेळली. मालकीणबाईने मुभा दिलेल्या स्वतःच्या दोन गाण्यांपैकी एक म्हणून ती हे गाणं रविवारी पबमध्येच गाऊ लागली. त्या वेळी दादा गिटार खाली ठेवायचा आणि हाताची घडी घालून खिडकीबाहेर बसेस मोजत उभा राहायचा.

असे काही रविवार गेले. मग एका दुपारी दादा आला तो एकटा नाही. एका हाताला वहिनी, दुसऱ्या हाताला बाबा. बाबांचे डोळे जवळजवळ गेले होते, पण कान शाबूत होते आणि जीभ तर कानांहून शाबूत. दादाने त्यांना मंचासमोरच्या टेबलावर बसवलं, काठी खुर्चीला अडकवली, आणि सुताराकडे वळला.

"तिला विचार, आता गातेस का म्हणावं."

वर्षानुवर्षं घोगरी त्या घराची पायरी चढली नव्हती. म्हातारा आक्रसून एवढासा झाला होता, कॉलर मात्र अजून कडक इस्त्रीची. एका क्षणी तिला वाटलं, जाऊ दे, लोकांना पाठ असलेलं काहीतरी गावं. मग तिने भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो जिंकल्यासारखा उभा होता.

"त्याला सांग," ती माइकमध्येच म्हणाली, "त्यांना पाणी दे म्हणावं. गाणं लांब आहे."

आणि ती गायली. सुताराने ठेका अगदी हलका ठेवला. चिंध्या आल्या, अंधार आला, दाराबाहेरची आई आली. कुलूप आलं तेव्हा ती सरळ बाबांकडे बघून गायली, एकेक शब्द दातांखाली चावून. मॅच चालू होती, पण कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. वहिनीने मान खाली घातली. बाबा हलले नाहीत.

गाणं संपलं. चार टाळ्या पडल्या आणि ओशाळून थांबल्या. तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला.

"कुलूप नव्हतं."

"काय?" घोगरी म्हणाली. माइक चालू होता, सगळ्या पबला ऐकू गेलं.

"कुलूप कुठलं आणलंस तू? चिंध्यांच्या खोलीला कुलूप कोण लावतं? चोरायचं काय, चिंध्या? कडी होती. बाहेरून. तुला आत टाकायचो, कडी घालायचो आणि कामाला लागायचो. लोकांसमोर गायचंय तर खरं गा."

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"किल्ली तुमच्याकडे असायची," घोगरी म्हणाली. "आई म्हणायची."

"कसली किल्ली? तुझ्या आईचं काय, तोंडाला येईल ते बोलायची. तुला गप्प करायला म्हणाली असेल."

गाणं खोटं ठरवायला दादाने बाबांना आणलं होतं, आणि बाबांनीच त्याच्यासमोर ते खरं करून टाकलं. कोंडल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, राग आला होता तो चुकीच्या वस्तूचा. पण घोगरी आता त्यांच्याकडे बघतच नव्हती. कुलपाला किल्ली लागते, आणि किल्ली एकाच्याच खिशात असते. कडीला काय लागतं? हात. आईला दोन हात होते. आणि त्या घरात आणखी एक माणूस होता. तिने मान वळवली. दादा वाकून गिटारच्या वायरचा गुंता सोडवत होता. त्या वायरला एकही गाठ नव्हती.

"दहा मिनिटांची सुट्टी," ती माइकमध्ये म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली. रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर बसली. दादा येणार हे तिला माहीत होतं. तो आला.

"कडी कुठे होती?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"दारावर. उंच होती का?"

"मधे."

"तुझा हात पुरायचा?"

दादाने भिंतीकडे पाहिलं. "मी अकरा वर्षांचा होतो."

"वय विचारलं का मी?"

"पुरायचा."

आतून झांज वाजली, कुणीतरी टॉयलेटला गेलं असावं.

"उघडली असती तर त्यांनी मलाही आत टाकलं असतं," दादा म्हणाला.

"मग दोघं असतो आत."

"तुला सोपं आहे बोलायला. तू आत होतीस. बाहेर काय असायचं ते तुला काय माहीत? ते मशीनवर बसलेले, आई भांडी आपटतेय, आणि तू किंचाळतेयस. मी पळून जायचो. बसस्टॉपवर जाऊन बसायचो, दुकान बंद होईपर्यंत."

"आणि आज, एवढा बाप्या झाल्यावर, झालंच नाही म्हणत होतास."

"हो."

"खोटारडी मी."

"हो म्हटलं ना! आता काय पायावर डोकं आपटू?"

"नको. तिथे काचा आहेत."

तेवढ्यात वहिनी दारात आली. "बाबांना थकवा आलाय," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग घोगरीकडे वळून, "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलंस. झालं समाधान?"

"तुमच्या नवऱ्याने आणून बसवलं त्यांना, वहिनी. मी आमंत्रण नव्हतं धाडलं."

त्या दिवशी उरलेली गाणी घोगरीने दादाशिवाय उरकली. मालकीणबाई जाताना म्हणाली, "तुमची घरगुती भांडणं इथे नकोत." आणि लगेच, "पुढच्या रविवारी येशील ना?"

घोगरीने गाणं पुन्हा लिहिलं. कुलूप काढलं, किल्ली काढली. नवी ओळ अशी झाली: 'दाराला कडी, कडीला हात, त्या घरात हात किती?' पुढे दोन कडवी नवी आली. एकात दाराला तोंड लावून खोटं बोलणारी आई होती. दुसऱ्यात बसस्टॉपवर बसलेला मुलगा. आईचं कडवं लिहायला तिला सगळ्यात जास्त त्रास झाला. बाबांचा राग तिने आयुष्यभर नीट सांभाळला होता, त्याची तिला सवय होती. आईचा राग नवा होता, आणि आई तर कधीच गेलेली. भांडायला माणूसच नव्हतं. ती कागद फाडायची, पुन्हा लिहायची, शेजारच्या करवतीला शिव्या द्यायची.

दादाला तिने बोलावलं नाही. सुताराने बोलावलं, आपल्या जबाबदारीवर. दादा आला, हेडफोन कानाला लावला आणि तिचा आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत वाजवायला लागला. नवी कडवी त्याला कुणी सांगितली नव्हती. बसस्टॉप आला तेव्हा त्याची बोटं अडखळली. सुताराला वाटलं, आता हा गिटार फेकतो. त्याने फेकली नाही. दात आवळून त्याने ते वाजवलं, इतक्या रागाने की एक तार तुटली, आणि राहिलेलं गाणं त्याने उरलेल्या तारांवर शेवटपर्यंत नेलं. सुतार रजईला टेकून उभा होता, त्याने आयुष्यात असं वाजवणं ऐकलं नव्हतं. घोगरी कोपऱ्यात पाठ करून उभी होती.

"पुन्हा घ्यायचं?" सुताराने विचारलं.

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

गिटार पेटीत ठेवताना दादा सुताराला म्हणाला, "तिला सांग, ठेवायचं असेल तर ठेव. पण अल्बमवर माझं नाव नको."

"त्याला सांग," घोगरी पाठमोरीच म्हणाली, "वाजवलंय ना? मग नाव राहील."

"आठ गाण्यांवर घाल. नवव्यावर नको."

"नवव्यावरच आधी घालणार."

दादाने दार इतक्या जोरात आपटलं की वरचा भुसा सगळ्यांच्या डोक्यावर पडला. तो परत आला नाही, वर्कशॉपमध्येही नाही आणि पबमध्येही नाही. कालव्याकाठच्या दुसऱ्या पबात तो एका गोड आवाजाच्या पोरीमागे वाजवू लागला, असं सुताराकडून कळलं. तिथे म्हणे तो खूप हसतमुख असतो.

अल्बम आला. कुणी आकाश डोक्यावर घेतलं नाही. पबच्या काउंटरवर मालकीणबाईने काही प्रती ठेवल्या, बिलाच्या मशीनशेजारी. लोक जाताजाता उचलून बघायचे, ठेवायचे, काही घ्यायचे. नववं गाणं ऐकून एक बाई घोगरीचा हात धरून रडली. घोगरीने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "रडू नका, घरी जाऊन भांडा."

बाबांनी ते गाणं घरी लावायला लावलं, असं वहिनीने फोनवर ओरडून सांगितलं. "रोज ऐकतात! आणि प्रत्येक वेळी म्हणतात, आता बरोबर आहे. ह्यांना घरात तोंड लपवायला जागा नाही. घर फोडलंस तू आमचं."

"दादाला द्या फोन," घोगरी म्हणाली.

पलीकडून पावलं ऐकू आली, मग श्वास. तो फोनवर आला होता.

"तुटलेली तार तू मुद्दाम तोडलीस की आपोआप तुटली?" तिने विचारलं.

"आपोआप."

"चांगली तुटली," ती म्हणाली, आणि त्याने काही उत्तर द्यायच्या आत फोन ठेवून दिला.