शेणखत माझं, रान दत्ताचं

आता काय सांगू तुम्हाला, राग आला की मला कायदा तोंडपाठ होतो! हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

आमच्या माकणीतल्या बसवंतअप्पांचं तीन एकर रान मी चार वर्षं ठोक्यानं, म्हणजे सालाचे ठरलेले पैसे देऊन, करत होतो. आमच्याकडं हा व्यवहार पाडवा ते पाडवा. मुदत संपली की नारळ घेऊन मालकाच्या घरी जायचं, "अप्पा, यंदाबी मीच" म्हणायचं, झालं पुढचं साल पक्कं! यंदा नारळाचं तेवढं राहून गेलं. म्हटलं, घरचाच तर मामला! पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी रानात बारा ट्रॉल्या शेणखत टाकलं. माझ्या गोठ्यातलं, वर्षभर साठवलेलं!

तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर काय? गावातला दत्ता माझ्या खतावरनं ट्रॅक्टर फिरवतोय!

डोकंच फिरलं. पायताण हातात घेऊन ट्रॅक्टरपुढं उभा राहिलो.

"उतर खाली! कुणाच्या रानात शिरलास रे?"

"बापू, अप्पांनी यंदा मला दिलंय की."

"आन् माझं खत दिसंना व्हय तुला?"

"दिसलं की! लई चांगलं हाय. म्हणलं, अप्पांनीच टाकलं असंल."

अंगाचा तिळपापड झाला! वर्षभर शेण मी उचलायचं आणि सोयाबीन यानं कापायचं? सोडतो की काय! दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानातल्या मन्मथअण्णांना साक्षीदार म्हणून एसटीत कोंबलं. अण्णा वाटेत काहीतरी सांगायला बघत होते, पण मी ऐकतोय कशाला? धाराशिवला थेट वकीलसाहेबांपुढं जाऊन बसलो.

साहेब म्हणाले, "मुदत संपली म्हणून कुणीही उठून आत शिरावं, असं नसतं. ताबा तुमचाच राहिला असेल, तर घुसणाऱ्यावर तुम्हाला दावा लावता येतो."

"ऐकलं का अण्णा!" मी टेबलावर मूठ आपटली. साहेबांचा चहा सांडला. "लावा! दत्तावर लावा, अप्पांवर लावा, त्या ट्रॅक्टरवरबी लावा!"

"थांबा. पाडव्यानंतर ताबा तुमचाच होता, हे कोण सांगेल?"

"हे काय, आमचे अण्णा! सांगा हो अण्णा, घडलं तसं सांगा. कुणाला भिऊ नका."

अण्णा जन्मात खोटं बोलले नाहीत. तिथंच घात झाला.

"पाडव्याला पारावर अप्पा म्हणले, बापू, मोटार येळेवर बंद करत जावा. एवढंच! तर बापूंनी मोटारीच्या खोलीची किल्ली फेकली त्यांच्या अंगावर, समद्या गावादेखत. म्हणले, घाला तुमचं रान चुलीत! आजपासनं माझा काय संबंध न्हाय!"

"अहो, ते रागात!" मी ओरडलो. "माझा राग संध्याकाळपर्यंत उतरतो, हे गावाला माहीत नाही का?"

"उतरला की," अण्णा शांतपणे म्हणाले. "पर अप्पांनी रान दत्ताला दुपारीच दिलं."

साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे ताबा तुम्हीच सोडलात. मग त्यानंतर कुणाला न विचारता दुसऱ्याच्या रानात बारा ट्रॉल्या घेऊन कोण घुसलं?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा पंख्याकडं बघत होते.

"दावा होतोय खरा," साहेब म्हणाले, "पण तुमच्यावर. आणि दत्ताला साक्षीदारसुद्धा शोधायला नको."

कशाला शोधायचा? तो माझ्या शेजारच्या खुर्चीवरच बसला होता. त्याचं तिकीट मीच काढलं होतं!