नानांनी ‘सैल’ केलेला खांदा

काल शेजारच्या फ्लॅटमधून लसूण घालून तापवलेल्या तेलाचा वास आला आणि माझा उजवा खांदा आपोआप आक्रसला.

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या शिरवणे गावात कबड्डी खेळताना तो निखळला. सुईच्या भीतीने मी दवाखाना टाळून गावातल्या हाडवैद्य नानांकडे गेलो. म्हशींपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची हाडं बसवल्याच्या थापा मारणारे हे महापुरुष! त्यांनी घमेलंभर लसणीचं तेल चोपडलं, माझ्या काखेत पाय रोवला आणि होडी ओढावी तसा हात ओढला. माझी किंकाळी उरणपर्यंत गेली. बोटं बधिर झाली.

“सोड त्याला नाना, हात हाय तो, जालं नाय!” मासे विकून परतलेली माझी मावशी कडाडली. टोपलीवरच्या फडक्याने तिने हात गळ्यात बांधला आणि मला रिक्षात कोंबलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, भूल दिली आणि खांदा अलगद बसवला.

संध्याकाळी नाना नाक्यावर सांगत होते, “मी सैल करून दिला, म्हनून डाक्तरला जमला!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुईला घाबरलो हे कबूल करण्याऐवजी मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी नानांच्या ओट्यावर रांग लागली. तेव्हा नानांची किळस यायची; आता माझ्या त्या डोलणाऱ्या मुंडक्याची येते.