मंजुश्रीनं घरी जोडलेलं मशीन

मोताळ्यात लग्नाची तारीख निघाली की मांडववाल्याच्या आणि आचाऱ्याच्या पाठोपाठ गजेंद्रला फोन जायचा. गजेंद्र शूटिंगवाला. तालुक्यातल्या कितीतरी संसारांची सुरुवात त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेली. लोक त्याला नावानं ओळखत. मात्र लग्नाचा व्हिडिओ नुसत्या शूटिंगनं होत नाही. ढीगभर तुकड्यांतून नेमके निवडायचे, पुढं-मागं लावायचे, सनईचे सूर कुठं आणि बँड कुठं ते ठरवायचं, याला आपल्याकडं मिक्सिंग म्हणतात. गजेंद्रच्या घरी ते काम त्याची बायको मंजुश्री करायची, आणि ही गोष्ट गल्लीबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

मंजुश्री मूळची संग्रामपूरची. तिची आई सरस्वतीबाई लोकांचे कपडे शिवायची. शिलाई मशीन अडलं की दुरुस्तीवाला बाजाराच्या दिवशी येणार, आणि तोवर थांबायचा दम सरस्वतीबाईला नसे. ती स्वतःच मशीन आडवं करून खोले आणि पोरीला समोर बसवून सांगे, "जे जिथून निघालं ते तिथं आपल्या पायानं जाते. जोर लावा लागला, तर समज आपलंच काहीतरी चुकलं." कॉलेजात जायच्या आधीच मंजुश्री ते मशीन एकटीनं खोलून, तेल देऊन, परत चालतं करत असे.

ती लग्न होऊन मोताळ्याला आली तेव्हा मिक्सिंग बाहेरगावी जायचं. गजेंद्र एसटीनं जायचा, मिक्सिंगवाल्याच्या दारात ताटकळायचा. एका लग्नसराईत त्या मिक्सिंगवाल्यानं कमालच केली. एका घरच्या लग्नात दुसऱ्याच घरची वरात जोडून दिली. मुलीचे वडील तणतणत दारात आले.

"हा घोडीवरचा गडी कोन आहे, भाऊ? आमचा जावई तर कारमधून आल्ता!"

गजेंद्रला मान वर करता येईना. पाहुणे गेल्यावर मंजुश्री एवढंच म्हणाली, "मले शिकवा. आपलं मिक्सिंग आता आपल्या घरी होईन."

शिकवणार कोण, गजेंद्रलाच जेमतेम यायचं. मग ती मोबाइलवर बघून शिकली. एक जुना कॉम्प्युटर घरात होता, त्याच्यावर हात बसवला. पहिली दोन-चार लग्नं ओबडधोबड झाली. पुढं मात्र तिची नजर अशी तयार झाली, की पाठवणीच्या वेळी सगळे नवरीकडं बघत असताना मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिलेला बाप तिला बरोबर सापडायचा. लोक व्हिडिओ बघून रडायचे आणि गजेंद्रची पाठ थोपटायचे. गजेंद्रही प्रत्येकाला सांगायचा, "हे घरातून झालं, माझ्याकडून नाही." लोकांना वाटायचं, विनयानं बोलतोय.

पुढं गजेंद्रनं नवा कॅमेरा घेतला आणि जुन्या कॉम्प्युटरनं हात टेकले. त्या कॅमेऱ्याची चित्रं एवढी भारी, की नुसतं पुढं सरकवलं तरी पडदा गोठायचा. नवरा हार घालायला हात उचलायचा आणि तसाच थांबायचा. मंजुश्रीची सासू जनकाबाई जाता-येता बघायची अन् म्हणायची, "काऊन व, अजून हार पडला नाई का त्या पोरीच्या गयात?"

मंजुश्रीनं ठरवलं, नवं मशीन घ्यायचं आणि सुटे भाग आणून स्वतः जोडायचं. तिला नेमकं काय हवं ते तयार मशीनमध्ये मिळत नव्हतं. पण खरं कारण निराळं होतं. ज्या वस्तूवर आपला सगळा दिवस जातो, ती आतून कशी आहे हे ठाऊक असल्याशिवाय तिला चैन पडत नसे. शिलाई मशीनचीच सवय ती.

बुलढाण्याला धवलचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पोरगा सज्जन. त्यानं एकेक भाग दाखवला, तिचे प्रश्न ऐकले आणि हसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर अभ्यास करून आल्या. पण ग्राफिक्स कार्ड तेवढं माझ्याकडं बसवून न्या. जड असते ते. नवीन माणसाचा त्यातच घोळ होते."

"बाकी सगळं मी जोडनार अन् शेवटचं तुमच्या हातून? मंग ते मशीन माझं कसं होईन?"

धवलनं खोकं बांधून दिलं. "काही अडलं तर फोन करा," म्हणाला.

त्याच सुमारास धामणगाव बढ्याच्या उद्धवरावांच्या घरचं लग्न झालं. किराणा आणि भुसाराचा व्यापार असलेलं घर. मुलगी अर्पिता. जावई सैन्यात, नेमणूक दूर आसामात, आणि लवकरच अर्पिताही त्याच्यासोबत जाणार होती. उद्धवराव स्वतः मोताळ्याला आले.

"गजेंद्रभाऊ, एक अडचन आहे. आमची माय तानुबाई अंथरुनाले खियलेली. घरातल्या घरात असून तिले मांडवात येता आलं नाई. नात जायच्या आधी दोघी सोबत बसून लग्न पाहतीन, एवढी तिची इच्छा आहे. होईन का?"

गजेंद्रनं आत बघितलं. दारात उभ्या मंजुश्रीनं मान हलवली. "हाव, होईन," ती म्हणाली. जुन्या मशीनवर ते काम वेळेत होणार नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं मशीन जोडायला घेतलं. मधल्या खोलीत टेबल मोकळं केलं, पंखा बंद केला, बांगड्या उतरवून ठेवल्या. मदरबोर्डच्या पाटीवर प्रोसेसर बसवला, पाटी लोखंडी डब्यात ठेवून स्क्रू लावले, वायरी ओवल्या. ग्राफिक्स कार्डाविना आधी मशीन सुरू करून पाहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली. गजेंद्रनं टाळ्या वाजवल्या.

राहिलं ते कार्ड. चित्रांचा सगळा भार उचलणारा तो भाग. तो चालला तरच बाकीच्याचा उपयोग. खोकं उघडलं तेव्हा जनकाबाई आणि शेजारच्या गीताबाई दोघी जवळ येऊन बसल्या होत्या.

"बाप्पा!" जनकाबाई म्हणाली. "मले वाटलं ए.टी.एम.सारखं कार्ड असन. हे त वीट आहे!"

वीटच होती, दोन पंख्यांची. मंजुश्रीनं मशीनची वायर भिंतीतून काढली, डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली. डब्याच्या मागच्या बाजूच्या दोन पट्ट्या काढल्या, पाटीवरच्या खाचेच्या टोकाचा चाप उघडला आणि कार्ड दोन्ही कडांनी धरून खाचेवर टेकवलं. तेवढ्यात भारनियमनाची आठवण होऊन गीताबाई म्हणाल्या, "लवकर कर माय, लाईन जायची वेळ झाली." मंजुश्रीनं दाबलं. कट्ट असा आवाज आला. तिनं मागचे स्क्रू आवळले, वीजपुरवठ्याची वेगळी वायर कार्डात खुपसली, पडद्याची वायर कार्डाला जोडली, मशीनची वायर परत भिंतीत लावली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा मात्र काळा.

मंजुश्रीनं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. नवं कार्ड आपल्या हातून गेलं की काय, ही भीती मनात आली.

गजेंद्र हळूच म्हणाला, "मंजू, आपण बुलढाण्याले घेऊन जाऊ. धवल पाहीन."

"थांबा," ती म्हणाली. "आधी मले पाहू द्या."

तिनं पडद्याची वायर कार्डातून काढून जुन्या जागी, पाटीलाच लावली. मशीन सुरू केलं आणि चित्र आलं. म्हणजे मशीन जिवंत होतं, कार्ड तेवढं त्याला दिसत नव्हतं. तिनं सगळं बंद केलं, वायर भिंतीतून काढली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि खाचेच्या रेषेत डोळा नेला. मागच्या टोकाला कार्ड बसलेलं होतं. पुढच्या टोकाला, चापाजवळ, खाचेच्या वर सोनेरी दातांची बारीक रेघ दिसत होती. केसभर. चापही मिटलेला नव्हता.

मग तो कट्ट आवाज कसला? कार्डाच्या मागच्या लोखंडी पट्टीचा, डब्याच्या पत्र्यावर घासलेला. तिनं तो खरा मानला आणि घाईत स्क्रू आवळले. डबा उभा होता, कार्ड स्वतःच्या वजनानं खाली झुकत होतं, आणि मागून स्क्रूनं ओढल्यावर पुढचं टोक खाचेतून आणखीच उचकटलं होतं. चूक कार्डाची नव्हती, मशीनचीही नव्हती. चूक सापडली तशी तिची भीती गेली.

"अहो, डबा आडवा करू लागा," ती म्हणाली.

डबा टेबलावर आडवा झाला. आता कार्डाला झुकायला जागाच नव्हती. तिनं वीजपुरवठ्याची वायर काढली, स्क्रू सोडवले, कार्ड अलगद उचलून बाहेर घेतलं. सोनेरी दात उजेडात धरून पाहिले. एकही दुखावलेला नव्हता. पट्टीची खालची जीभ पाटीच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत उतरली पाहिजे, हे तिनं या वेळी आधी बघून घेतलं. मग दोन्ही अंगठे कार्डाच्या दोन टोकांवर ठेवले.

"लाईन गेली त जाऊ दे," जनकाबाई गीताबाईंना दटावून म्हणाली. "तिले घाई करू नको."

मंजुश्रीनं सारखा दाब दिला. जीभ फटीत शिरली. कार्ड स्वतःहून खाली उतरलं आणि चाप आपोआप मिटला. हा आवाज लहान होता, पण तो चापातून आला होता, आणि बोटांनाही कळला. तिनं चाप नखानं तपासला. मगच स्क्रू लावले, तेही एक थोडा, दुसरा थोडा, असे आळीपाळीनं. वीजपुरवठ्याची वायर शेवटपर्यंत बसवली, डबा सावकाश उभा केला, कार्डाच्या लांब टोकाखाली खोक्यातून आलेला छोटा टेकू लावला, पडद्याची वायर कार्डाला जोडली आणि मशीनची वायर परत भिंतीत लावली.

"दाबा बटन," ती गजेंद्रला म्हणाली.

"मी नाही. तू दाब."

तिनं दाबलं. पडदा क्षणभर काळाच राहिला आणि मग उजळला. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून झाल्यावर तिनं अर्पिताच्या लग्नातला हाराचा प्रसंग लावला. नवऱ्यानं हात उचलला, अर्पितानं मान लववली, हार गळ्यात पडला, अक्षता उडाल्या. कुठं अडखळणं नाही.

"पडला व एकदाचा!" जनकाबाई ओरडली आणि तिनं सुनेच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

मंजुश्रीनं धवलला फोन लावला. मधे काय चुकलं तेही सांगितलं. धवल म्हणाला, "वहिनी, चूक सगळ्यांचीच होते. पन सापडते थोड्यांले." ते वाक्य गजेंद्रनं पुढं आठवडाभर भेटेल त्याला ऐकवलं.

काम वेळेत झालं. व्हिडिओ द्यायला गजेंद्र एरवी एकटाच जायचा. या खेपेला तो म्हणाला, "तू चल. तुझं काम तू दे."

धामणगाव बढ्याला उद्धवरावांच्या घरी टीव्ही तानुबाईच्या खोलीत आणून ठेवला होता. म्हातारी उशीला टेकून बसलेली, अर्पिता तिच्या खांद्याला खांदा लावून. हळदीपासून सगळं पाहताना तानुबाई बोलत राहिली, ही कोण, ती कोण, हिचं लुगडं बघा. मग तो तुकडा आला. मांडवात जाण्याआधी अर्पिता आजीच्या खोलीत पाया पडायला गेली होती. गजेंद्र दाराबाहेर होता. कॅमेऱ्यात आजी दिसलीच नव्हती. दिसला होता फक्त अर्पिताच्या मुंडावळ्या सारख्या करणारा एक सुरकुतलेला हात. दुसऱ्या कुणी तो तुकडा टाकून दिला असता. मंजुश्रीनं तो मंगलाष्टकांच्या बरोबर आधी लावला होता, संथ करून.

तानुबाईनं पडद्यावर आपला हात ओळखला, मग मांडीवरचा हात उचलून पाहिला.

"मी होती की मांडवात," ती म्हणाली.

अर्पितानं तिला मिठी मारली. उद्धवराव पंच्यानं डोळे पुसत गजेंद्रकडं वळले, "भाऊ, काय काम केलं तुम्ही!"

"मी नाही, दादा. मी दाराबाहेर उभा होतो. हे हिनं केलं. अन् ज्या मशीनवर केलं, तेही हिनंच जोडलं."

या वेळी कुणाला तो विनय वाटला नाही. तानुबाईनं मंजुश्रीला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. मंजुश्री नुसती ताठ बसून राहिली. इतकी ताठ की परतीच्या एसटीत गजेंद्रनं तिला त्यावरून चिडवलं.

आता गजेंद्रच्या दारावरच्या पाटीवर दोन नावं आहेत. तिचं खाली नाही, शेजारी आहे. मागच्या महिन्यात संग्रामपूरच्या एका फोटोग्राफरच्या बायकोचा फोन आला. निवेदिता तिचं नाव. तिनं सुटे भाग आणले होते आणि घरातले सगळे म्हणत होते, दुकानात ने.

"ताई, तुम्ही येऊन बसवून देता का?"

"येते," मंजुश्री म्हणाली. "पन बसवशीन तू. मी बाजूले बसून राहीन."

आणि सकाळच्या गाडीनं ती माहेरच्या गावाला निघाली. जनकाबाई गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली होती, आणि कुणी विचारायच्या आधीच जो दिसेल त्याला सांगत होती, "सून चालली माही संग्रामपूरले. कॉम्प्युटर जोडाले बलावलं तिले."