गोजरबाईचं ताक

तीर्थपुरीत गोजरबाईच्या वाट्याला शहाणा माणूस जात नसे. मागंपुढं कुणी नसलेली विधवा, एक म्हैस, एक कुत्रा आणि तिखट जीभ, एवढाच तिचा संसार. कुत्र्याचं नाव फौजदार. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी हा फौजदार कडब्याच्या गंजीकडून तीन पायांवर उड्या मारत आला. पुढचा पाय पंजाच्या वर बोटभर कापला होता. गंजीपलीकडं शेजारचा कडूबा हातात काठी घेऊन उभा. झालं! निकाल तिथंच लागला.

"म्या हात बी लावला न्हाई, वैनी. शेळी हाकलून राह्यलो व्हतो."

"मंग पाय काय वाऱ्यानं कापला?"

काठीनं पाय कापला जात नाही, हे तिलाही कळत होतं. पण सकाळपासून तिचं खुरपंही सापडत नव्हतं. तेही यानंच उचललं, त्याच खुरप्यानं मारलं आणि लपवलं, असं तिनं ठरवून टाकलं. रागाला पुरावा लागतो थोडाच!

ती रोज कडुलिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं जखम धुवायची, हळद-तेल भरायची आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधीच्या प्रत्येक वेढ्याला कडूबाला एक शिवी. फौजदार दातानं चिंधी सोडायचा, ही पुन्हा बांधायची. शिव्याही पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यानं तिचं पोट भरेना. गल्लीत ताक कुणी विकत नसे आणि मागायला आलेल्याला नाही म्हणत नसे. ताक घुसळून झालं की तिच्या ओट्यावर भांड्यांची रांग लागायची. कडूबाचा लोटा पहिला, कारण त्याची आई गिरिजाबाई दात पडल्यापासून ताकात कुस्करलेल्या भाकरीवरच जगत होती. गोजरबाईनं तो लोटा सगळ्यांदेखत पालथा घातला. "आधी कबूल कर, मंग ताक." आणि त्याच्या वाटणीचं ताक त्याच्या डोळ्यांसमोर फौजदारापुढं ओतलं. त्या दिवशी तिला गाढ झोप लागली.

आठ दिवस कडूबा रोज आला, रोज रिकामा गेला. नवव्या दिवशी त्यानं भरल्या ओट्यासमोर मान खाली घातली. "मीच मारलं, वैनी. चुकलो. म्हातारी उपाशी हाये, आता तर दे."

गोजरबाईनं लोटा काठोकाठ भरला. जिंकल्याच्या आनंदात म्हशीला जास्तीचा कडबा घालावा म्हणून ती गंजीकडं गेली. एक पेंढी ओढली आणि खण्णकन खुरपं पायाशी पडलं. पात्यावर वाळलेलं रक्त, त्याला चिकटलेले तांबूस केस. फौजदाराचेच. पेंढीला बांधलेला आळा कापून खुरपं तिथंच खोचलं होतं तिनं स्वतः, आता तिला लख्ख आठवलं.

खुरपं विहिरीत टाकावं, असं एकदा तिच्या मनात आलं. कुणाला कळणार होतं? एवढ्यात कडूबाच्या घरातून गिरिजाबाईचा आवाज आला.

"ने ते ताक! मुक्या जनावरावर हात टाकणारा माझा ल्योक न्हाई. तुझ्या हातचं पाणी बी नको मला."

 गोजरबाई खुरपं घेऊन तशीच कडूबाच्या घरात गेली. कडूबा भरला लोटा धरून उभा होता, म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"म्हातारे, तुझ्या लेकानं न्हाई मारलं," ती म्हणाली. "हे माझं खुरपं. म्याच गंजीत ठेवलं व्हतं. तुझ्या पोटापायी खोटं बोलला तो."

गिरिजाबाईनं खुरपं हातात घेतलं, पातं चाचपलं. मग तोंड फिरवून लेकाच्या हातातला लोटा घेतला. कडूबानं मात्र नऊ दिवसांचं सगळं एका झटक्यात वसूल केलं.

"उद्यापासून माझा लोटा तुझ्या ओट्यावर यायचा न्हाई, वैनी. ताक तूच आणून द्यायचं. सगळ्यांदेखत."

पुढं तीन वर्षं, गिरिजाबाई जाईपर्यंत, गोजरबाई रोज सकाळी गल्लीतून तो लोटा घेऊन जायची. पुढं फौजदार चारी पायांवर पळायचा, आणि थेट कडूबाच्या मांडीवर डोकं ठेवायचा.