बॅटरी माझ्या पिशवीत होती

भूतबाधा, करणी, अंगात येणं... यातलं काही मी आजवर मानलं नाही आणि हे सगळं लिहून झाल्यावरही मानणार नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दारासमोर कोणी उतरवलेलं लिंबू टाकून गेलं, तर माझी आई ते उचलून, धुऊन त्याचं सरबत करायची. अशा घरातली मी आहे.

मोबाईलवर एक मराठी ग्रुप आहे. तिथे लोक असले अनुभव लिहितात. दुपारची कामं आटोपली की मी ते वाचते. बहुतेकांवर माझा विश्वास बसत नाही, आणि तुम्ही माझ्यावर ठेवावा असा आग्रहही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. पण लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते आहे. हे तिथे टाकेन की माझ्यापाशीच ठेवेन, अजून ठरवलेलं नाही.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहतो, सोसायटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. आमचे हे सरकारी नोकरीतून रिटायर झाले. त्यांना पहिल्यापासून एकच नाद – हॅम रेडिओ. म्हणजे स्वतःच्या रेडिओ सेटवरून दूरच्या माणसाशी बोलायचं. हे तोंडाने बोलत नसत, कट्ट-कड कट्ट असं बटण दाबून, टिंब आणि रेघांच्या मोर्स भाषेत बोलत. त्याची सरकारी परीक्षा असते, लायसन्स असतं, प्रत्येकाला आपलं एक सांकेतिक नाव मिळतं. लायसन्स नसलेल्याने त्या बटणाला हात लावायचा नाही. मी कधी लावला नाही.

सेट यांनी स्वतः जोडलेला. जेवणाच्या डब्याएवढा. झिरोच्या बल्बला लागते त्याहूनही कमी ताकदीवर चालायचा, आणि त्यातच यांना मजा. "जास्त ताकद लावून कोणीही ओरडेल गं," म्हणायचे. भिंतीतल्या लाईटवर अडॅप्टर लावून चालवला की कानात नुसतं घूंऽऽ यायचं, सोसायटीच्या लिफ्टचं वेगळं. म्हणून अडॅप्टर कोणाला तरी देऊन टाकला आणि सेट फक्त बॅटरीवर ठेवला. डायलमागचा दिवासुद्धा काढून टाकला, तेवढाच करंट वाचतो म्हणून. आधी घड्याळाचे सेल, मग कोणाच्या तरी यूपीएसमधली जड बॅटरी. ती रविवारी यमुनेच्या खादरात, नदीकाठच्या मोकळ्या रानात न्यायची म्हणजे एका हातात माझी पोह्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात ते धूड. शेवटी चार लिथियमचे सेल एकाला एक जोडून हलका पॅक केला. सेल यांनी धरले, सोल्डरचे डाग मी दिले. यांचा हात डाग देताना थरथरायचा, माझा नाही. पुढे पॅकची देखभाल माझ्याकडेच आली. बॅटरी भरलेली आहे ना, एखादा सेल गरम होतोय का, हे मी बघायची, जसं दूध उतू जातंय का बघते तसं.

गेल्या वर्षी यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, किती समजतंय ते सांगता येणार नाही. डाव्या हाताची बोटं चादरीवर टकटक करत राहतात, ती आपोआप होणारी हालचाल आहे म्हणे. मी त्या टकटकीत कितीतरी वेळ अक्षरं शोधली. मला यांच्या सांकेतिक नावाची चाल तेवढी ओळखता येते. ती कधी सापडली नाही. उगाच खोटं सांगणार नाही.

आमचा मुलगा सुमेध गुडगावला आयटीत आहे. चांगला मुलगा आहे, दर रविवारी येतो. पण बाबांच्या खोलीच्या दारातूनच मला विचारतो, "जेवले का? झोपले का?" त्यांना कधी काही विचारत नाही. जानेवारीत म्हणाला, "आई, यार, तो सेट विकून टाकू. मुनिरकाचा एक स्टुडंट घ्यायला तयार आहे. गच्चीवरच्या वायरवरून सोसायटीवाले पण कटकट करतायत."

"त्यांना विचार," मी म्हटलं.

"आई, बाबांना आता काही कळत नाही. तू अ‍ॅक्सेप्ट कर ना."

मी काही बोलले नाही. माझी सवयच ती. पण सेट पलंगाशेजारून हलवला नाही. रोज दुपारी बॅटरी जोडायची आणि इअरफोन यांच्या कानाला लावायची. कोणीतरी कुठेतरी बोलत असायचं, हे ऐकत पडायचे. तो सेट गेला तर या माणसाच्या कानाशी आम्हा घरच्यांच्या "उठा, गिळा, कूस बदला" याखेरीज काही उरणार नव्हतं.

मग पॅकने दगा दिला. सेट सुरू झाला की लगेच बंद. मी उघडून बघितलं, दोन सेल मेलेले. सकाळी यांना पुसताना सांगितलं, "अहो, मधले दोन सेल गेलेत. कडेचे बरे आहेत. बदलून आणते, तोवर कळ काढा." खोलीत आम्ही दोघंच होतो. नंतर शेजारच्या मिश्रा भाभींना बसवलं. त्यांना एवढंच सांगितलं, "बाज़ार जाकर आती हूँ." पॅक पिशवीत टाकला आणि मेट्रोने लाल किल्ल्यासमोरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात गेले. सेट टेबलावर तसाच, रिकामा, त्याला करंट द्यायला घरात दुसरं काही नाही. टेबल यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे गेलेल्या हाताच्या बाजूला. डावा हात तिथवर पोचतच नाही.

जेवणवेळ टळून गेल्यावर, दोनच्या सुमाराला, मी दुकानातल्या स्टुलावर बसले होते. पॅक समोर काउंटरवर उघडा पडला होता. दुकानदार विचारत होता, "माताजी, ये जोड़ किसने लगाया? बड़ा साफ़ है." मी मान खाली घातली.

संध्याकाळी घरी येते तो फोन. वर्ध्याचे रंगारी भाऊजी, यांचे रेडिओवरचे जुने दोस्त. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी "नमस्कार, देते हं त्यांना" यापलीकडे बोललेली नाही.

"वहिनी, अभिनंदन! साहेब परत आले की!"

मला वाटलं, हे बरे झाले असं त्यांना कोणी उगाच सांगितलं.

"अहो, आज दुपारी दोनला बोललो आम्ही! आवाज बारीक होता, पण एकदम स्वच्छ. मी म्हटलं, बाबा रे, होतास कुठे? तर म्हणे दोन सेल गेलेत, बायको आणायला गेलीय. मग आवाज बुडालाच एकदम. बॅटरी उतरली असेल."

मी फोन धरून पलंगाशी उभी होते. हे वर पंख्याकडे बघत होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "सेटला बॅटरीच नव्हती. ती माझ्या पिशवीत होती."

मग म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या कोणी साहेबांचं नाव वापरलं असेल म्हणावं, तर बटणावरचा हात त्यांचाच होता. मी त्यांचा हात ओळखतो. शेवटची रेघ ओढतात ते, अंगणात चप्पल ओढत चालावं तशी."

मिश्रा भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या मोबाईलवर सिरीयल बघत होत्या, भाईसाहबांची बोटं नेहमीसारखी चादरीवर चालली होती, बाकी काही नाही. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ऊपर का चक्कर है, दीदी. नींबू-मिर्ची बाँध लो."

"भाभी, नींबू महँगा है," मी म्हटलं. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी आत आल्या नाहीत, दारातूनच कोथिंबीर देऊन गेल्या.

सुमेधला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. "आई, तूच रंगारी काकांना सेलचं बोलली असशील."

"मी? त्यांच्याशी?"

"मग बटण तू दाबलंस. बिल्कुल घाबरू नकोस, मी कोणाला सांगणार नाही."

"कशावर दाबू? पाटा-वरवंट्यावर?"

"सेटमध्ये थोडा करंट उरला असेल."

हेच मी रंगारी भाऊजींनाही विचारलं होतं. त्यांच्या मते, उरलाच तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुरेल, एवढ्या बोलण्याला नाही.

रविवारी सुमेध आला तो मुनिरकाच्या त्या स्टुडंटला घेऊनच. चष्म्याचा, गरीब मुलगा. सेट बघून त्याचे डोळे चमकले. "अंकल ने डायल की लाइट भी निकाल दी! क्या बात है." त्याने सेटला हात घातला, आणि माझा आवाज फुटला. परक्या माणसासमोर एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते.

"रखो बेटा. नहीं बेचना है."

"आई, प्लीज. लोकांसमोर नको." सुमेध मराठीत आला. "त्या फोनवरून सुरू आहे ना सगळं? बरं, चल, बाबांना काहीतरी सांग, बॅटरी काढ, आणि बघू रंगारी काकांना परत ऐकू येतं का."

"ते केलं मी. आठवडाभर रोज केलं. काही आलं नाही."

"मग?"

"मग काय? मी आयुष्यभर तुमच्या लग्नकार्यांत, तुझ्या शाळेच्या मीटिंगांत, तुझ्या ऑफिसच्या पार्टीत गप्प बसले. तेव्हा मला काही कळत नव्हतं, असं वाटायचं का तुला?"

तो त्या मुलाकडे बघायला लागला.

"मला सगळं कळत होतं," मी म्हटलं. "फक्त कोणी माझं नाव घेऊन मला कधी विचारलं नाही. सकाळी मी यांना दोन सेल म्हटलं आणि दुपारी वर्ध्याला दोन सेल पोचले. कसे पोचले ते मला विचारू नको, मी शास्त्रज्ञ नाही आणि मांत्रिकही नाही. पण यांनी ऐकलं होतं. एवढं मला बास आहे."

तो मुलगा बिचारा अवघडून उभा. त्याला मराठी कळत नव्हतं, पण आई आणि मुलगा भांडतात ते कुठल्याही भाषेत कळतं. "आंटी, कोई बात नहीं," म्हणाला आणि पाणी पिऊन गेला.

आजही माझ्याकडे उत्तर नाही. रंगारी भाऊजींकडे नाही, सुमेधकडेही नाही, जरी तो "काहीतरी लॉजिकल असणारच" असं अजून म्हणतो. असेल. सापडलं की सांग म्हटलंय. मला भूत दाखवू नका आणि मला भ्रम झाला असंही म्हणू नका. दोन्ही ऐकून घेणार नाही.

त्या दिवशी सुमेध निघाला तेव्हा मी खोलीतच होते. तो दारात थांबला, बूट घातलेला, खांद्याला बॅग. मग आत आला. पलंगाच्या डाव्या बाजूला जाऊन वाकला.

"बाबा," म्हणाला, "सेट ठेवू ना?"

हे पंख्याकडे बघत राहिले. सुमेध सरळ झाला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "थांब जरा. त्यांना वेळ लागतो."

त्याने बॅग खाली ठेवली आणि स्टूल ओढून बसला.