बैजिक भूमितीचं एकच पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आत्ता पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय.

नगरच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.ला गणित शिकवतो. एका वर्षी माझ्या तासांचा वर्कलोड भरत नव्हता, म्हणून आधुनिक बैजिक भूमितीचा, म्हणजे समीकरणांतून आकार अभ्यासण्याचा, नवा पेपर माझ्या गळ्यात पडला. तो विषय मी कधी शिकलोच नव्हतो. तसं सांगायला हवं होतं — पण नोकरीवर आलं असतं तर? मग काय, आदल्या दिवशी सिद्धता पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवायची. वर्गात कुणी हात वर केला की मला घाम फुटायचा.

हात बहुतेक वैशालीचाच असायचा. पाथर्डीकडची मुलगी, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. हिला पीएच.डी. करायची होती, आणि तीही याच विषयात.

त्या दिवशी मी सांगत होतो — आकाराचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर उत्तर काढा, ती जोडली की सगळ्या आकाराचं उत्तर मिळतं. वैशाली उठली.

"सर, दोन तुकडे जिथं एकमेकांवर येतात, तिथं उत्तरं जुळलीच न्हाई तर?"

मला ते सुचलंच नव्हतं. आता ही आणखी एक प्रश्न विचारणार आणि माझं सगळं पितळ उघडं पडणार — एवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, "इतकं साधं कळत नसेल तर हा विषय तुझ्यासाठी नाही."

ती खाली बसली. पुन्हा तिनं कधी हात वर केला नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं. तिचंच बरोबर होतं, उत्तरं जुळणं ही तर पहिली अट. लायब्ररीत त्या पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी मी पुढचं प्रकरण सुरू केलं. आणि ते पुस्तक — कसं सांगू? — परीक्षा होईपर्यंत परत केलं नाही. तिनं वाचलं असतं ना!

इतक्या वर्षांनी परवा तिसगावच्या स्टँडवर ती भेटली. बारावीचे क्लास घेते. आता ही त्या दिवसाचं बोलणार, या भीतीनं मी एसटीची पाटी वाचू लागलो. तिनं वाकून नमस्कार केला.

"बरं झालं सर, तुमी येळेवर सांगितलं. न्हाईतर उगंच त्या पीएच.डी.च्या मागं लागले असते मी."

मी सुखी राहा म्हणालो आणि एसटीत चढलो.