क्लॅरोनेट लासुर्ण्यात, ताशा वरकुट्यात

"म्याडम, ह्ये इमान हाय का?" लॅपटॉपकडे बघत तात्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्यांच्या मुलाने, सुरेशने, रेकॉर्डिंगचं सगळ्यात भारी सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. स्क्रीनभर नुसती बटणं, विमानाच्या कॉकपिटसारखी. मी बारामतीत साउंड इंजिनिअर आहे. लोकांना घरगुती स्टुडिओ लावून देते. लासुर्ण्याला त्याच कामासाठी आले होते.

तात्यांनी उमेदीची वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवण्यात घालवली. जोडीला ताशावर वरकुट्याचे बबनराव. आता नात अश्विनीचं लग्न होतं. हळदीला दोघांचंच वाजलं पाहिजे, असा तिचा हट्ट. नेमका बबनरावांचा पाय प्लास्टरमध्ये.

"त्यो न्हाय तर त्याचा ताशा तरी येऊ द्या," तात्या म्हणाले.

मी म्हटलं, "जमेल. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या ओळीत ठेवतात, तिला ट्रॅक म्हणतात. तुम्ही इथं वाजवा, ते तिकडं वाजवतील. सॉफ्टवेअर दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकवतं."

"मग भारीतलंच राहू द्या की," सुरेश म्हणाला.

"वाजवणार कोण?" तात्यांनी विचारलं. "मी. मग बटण बी मीच दाबणार."

मी आणखी दोन सॉफ्टवेअर टाकली आणि तात्यांना म्हटलं, "आता मी काही सांगणार नाही. तुम्हीच करून बघा."

भारीतल्याने सुरुवातीलाच इतके प्रश्न विचारले की तात्यांनी चष्मा काढून ठेवला. दुसरं दिसायला सोपं होतं. पण तात्या दोन सूर वाजवून थांबले.

"माझ्या मागनं कोण वाजवतंय?"

याला लेटन्सी म्हणतात. आवाज लॅपटॉपमधून फिरून हेडफोनमध्ये यायला उशीर होतो. सेटिंग बदलून तो कमी करता येतो, पण नवख्याने ते कुठे शोधायचं?

तिसरं फुकटातलं होतं. एकच खिडकी, एक मोठं लाल बटण, खाली ट्रॅक. ताल चुकू नये म्हणून ते टकटक आवाज देतं, त्याला क्लिक म्हणतात.

"ही टकटक बरी हाय. बबन्यापेक्षा सरळ चालती," असं म्हणून तात्यांनी लाल बटण दाबलं आणि हळदीची धून सलग वाजवली. मग स्वतःच खाली दुसरा ट्रॅक घेऊन तीच धून खालच्या सुरात वाजवली. दोन्ही एकदम ऐकवल्यावर तात्यांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"अगं बया! ह्ये दोन कवा झालं?"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन वरकुट्याला निघाले. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. सुरेशला बजावलं, "तू गाडी चालव. ह्याला हात लावू नगंस." संध्याकाळी मला फाइल आली. शेवटी ताशा थांबतो आणि बबनरावांचा आवाज येतो, "तात्या, बंद झालं का रं ह्ये?"

मी तेवढं कापायला निघाले होते. अश्विनीने फोनवर सांगितलं, "ताई, ते राहू द्या."

हळदीला मलाही बोलावणं होतं. मांडवात रेकॉर्डिंग लागलं आणि तात्यांनी वरून खरी क्लॅरोनेट धरली. काकू सगळ्यांच्या आधी नाचायला उतरल्या. व्हिडिओ कॉलवर बबनराव खाटेवर बसून मांडीवर ताशा वाजवत होते. शेवटचं वाक्य आलं तसा अख्खा मांडव ओरडला, "न्हाय झालं!" मग पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं.

हल्ली नवीन गिऱ्हाइकाला मी फीचर्स समजावत बसत नाही. लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवते आणि गप्प बसते. ही दुसरी गोष्ट शिकायला मला जास्त वेळ लागला.